डोंगर असो वा वाळवंट, तंबूसाठी हंगाम कसा निवडावा

कुठल्याही डोंगररांगेचं किंवा वाळवंटाचं नाव काढा, तिथे जायचा ‘चांगला काळ’ कोणता याचं एका ओळीचं उत्तर लगेच मिळतं. हे उत्तर बहुतेक वेळा दिवसा फिरून रात्री पक्क्या भिंतींआड झोपणाऱ्यांसाठी असतं. तंबूत राहणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. दुपारचं वादळ आलं तरी त्याला तिथेच बसायचं असतं आणि पहाटेच्या गारठ्यातही तिथेच झोपायचं असतं. जानेवारीत थरच्या वाळवंटात दिवसा २३-२४ अंशांचं सुखद ऊन असतं. पण सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत १३ तासांहून जास्त वेळ जातो आणि थंडीची लाट आली की पारा शून्याजवळ पोचतो.

म्हणून माझा आग्रह असा की महिना निवडताना सरासरी दिवस पाहू नका. त्या महिन्यातली वाईटात वाईट रात्र आणि वाईटात वाईट दुपार पाहा. ती तुमच्या तंबूला, अंथरुणाला आणि जवळच्या पाण्याला झेपणार असेल तर तो महिना तुमचा. आधी धोक्याचे महिने बाजूला काढायचे आणि मग उरलेल्यांतून सोय बघायची. हा क्रम उलटा केला की फसगत होते.

पायरी १: जागेचा स्वभाव ओळखा

चार गोष्टी आधी कागदावर लिहा: जागा कोणत्या गोलार्धात आहे, विषुववृत्तापासून किती दूर आहे, समुद्रसपाटीपासून किती उंच आहे आणि तिथे पाऊस कोणत्या महिन्यांत येतो.

गोलार्धाची गोष्ट शाळेतली आहे, तरी सुट्टी ठरवताना ती हमखास विसरली जाते. जुलैत दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या पॅटागोनियाला निघालेला माणूस ऐन हिवाळ्यात पोचतो आणि डिसेंबरच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात गेलेला भर उन्हाळ्यात. विषुववृत्ताजवळ तर उन्हाळा-हिवाळा हा भेदच पुसट होतो. किलिमांजारो विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंश दक्षिणेला आहे. तिथे हंगाम ठरवतो तो पाऊस: मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या आसपास छोटा पाऊस. मधले जानेवारी-फेब्रुवारी आणि जूनअखेर ते ऑक्टोबर हे कोरडे काळ. वरच्या तळांवरची रात्र मात्र बाराही महिने थंडच.

वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर तापलेली वाळू येते. पण वाळवंट ठरतं ते पाऊस किती कमी पडतो यावरून, उष्णतेवरून नाही. गोबीत हिवाळ्यात पारा उणे ३० च्याही खाली जातो, त्यामुळे तिथला तंबूचा हंगाम उन्हाळ्याचा. लडाख, स्पिती, नेपाळमधलं वरचं मुस्तांग हे पर्जन्यछायेतले उंच प्रदेशही थंड वाळवंटंच. उलट सहारा, थर, अरबस्तान, अमेरिकेतलं मोहावी इथे थंडीचे महिने चांगले. चिलीतल्या अटाकामात सान पेद्रोसारखं गाव मुळात २,४०० मीटरवर आहे आणि आसपासचे बरेच तलाव-गरम झरे ४,००० मीटरच्या वर. तिथे वाळवंटाचे नियम आणि उंच डोंगराचे नियम दोन्ही एकाच वेळी लागू होतात. आपलं ठिकाण यांतल्या कुठल्या जातीचं, हे आधी पक्कं करा. इथे चूक झाली तर पुढचा सगळा हिशेब उलटा पडतो.

पायरी २: बारा महिने लिहा आणि काट मारायला घ्या

एका ओळीत बारा महिने लिहा. ज्या महिन्यात जीवावर बेतेल असं काही त्या जागी नेहमी घडतं, त्यावर काट मारा. गर्दी, रस्त्यांची सोय, फुलं, फोटो हे सगळं नंतर.

डोंगरात पहिली काट बर्फाची. इथे एक गैरसमज फार दिसतो: जून उजाडला म्हणजे उन्हाळा आला, वाटा मोकळ्या झाल्या. दिवस सर्वांत मोठा असतो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पण हिवाळाभर साठलेला बर्फ वितळायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. उंच खिंडी जुलै उजाडेपर्यंत पांढऱ्या राहतात, आणि वर्षावर्षात फरकही मोठा पडतो. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडामधला सुमारे ३,००० मीटरवरचा टायोगा खिंडीचा रस्ता साधारण मे अखेर ते जूनमध्ये उघडतो. प्रचंड बर्फ पडलेल्या २०२३ मध्ये तो २२ जुलैला उघडला. म्हणून ‘दरवर्षी कधी उघडतं’ एवढ्यावर थांबू नका. ‘या वर्षी हिवाळ्यात बर्फ किती पडला’ हेही विचारा. वसंतात आणखी एक धोका असतो: दुपारच्या उन्हाने ओलं झालेलं बर्फ उतारावरून सुटतं. हिमस्खलनाचं शिक्षण आणि साधनं नसतील तर डोंगरातले हिवाळा-वसंताचे महिने सरळ खोडा.

बर्फ वितळलं की ते ओढ्यात येतं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत वाट मोकळी दिसते, पण तीन-चार ठिकाणी ओढा ओलांडायचा असतो आणि पाणी कमरेपर्यंत, बर्फाळ, जोरात धावणारं असतं. हे पाणी पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त असतं. त्यामुळे तंबू ओढ्याच्या अलीकडे लावून सकाळी पाणी ओलांडणं हा नियमच करा. नकाशावर पूल नसलेले मोठे ओढे दिसत असतील तर हंगामाचे पहिले तीन-चार आठवडे सोडून द्यावेत, असं माझं मत आहे.

दुसरी काट पावसाची. हिमालयाच्या दक्षिण उतारांवर जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस, दरडी, वाहून गेलेल्या वाटा. पण काट मारताना महिन्याच्या सीमेवर भरवसा ठेवू नका. २०१३ मध्ये मोसमी पावसाने १६ जूनलाच सगळा देश व्यापला, नेहमीपेक्षा सुमारे महिनाभर आधी, आणि त्याच १६-१७ जूनला केदारनाथ परिसरात महापुराने हजारो माणसं गेली. पाऊस ‘सुरू होण्याआधीचा शेवटचा आठवडा’ म्हणून मुक्काम आखणं म्हणजे तारखेशी जुगार खेळणं. सीमेपासून दोन आठवडे तरी आत राहा.

तिसरी गोष्ट विजेची. तिच्यामुळे अख्खा महिना खोडावा लागत नाही, पण दिवसाची आखणी बदलते. उन्हाने तापलेली दमट हवा दुपारी वर चढते, ढग उभे राहतात आणि एक-दोन वाजता गडगडाट सुरू होतो. कोलोरॅडोतल्या रॉकीजमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये हे जवळजवळ रोजचं असतं. आल्प्सच्या उन्हाळ्यात आणि हिमालयात मोसमी पावसाच्या आधीच्या एप्रिल-मेमध्येही असंच चालतं. या महिन्यांत पहाटे निघून दुपारी बाराच्या आत धारेवरून, माथ्यावरून खाली यायचं आणि तंबू झाडरेषेखाली (ज्या उंचीच्या वर झाडं उगवत नाहीत तिच्या खाली), एकट्या उंच झाडापासून दूर लावायचा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ सुमारे १० किमीच्या आत आहे. तंबू विजेपासून कसलंही संरक्षण देत नाही, हे पक्कं लक्षात असू द्या.

ज्या डोंगरांत उन्हाळा कोरडा असतो, तिथे उशिराच्या उन्हाळ्यात वणव्याचा काळ येतो. कॅलिफोर्नियात ऑगस्ट ते ऑक्टोबर धूर, वाटबंदी आणि चूल पेटवायला मनाई हे नित्याचं झालं आहे. भूमध्य समुद्राभोवतालच्या डोंगरांतही तेच.

आता वाळवंट. पहिली काट उष्णतेची, आणि ती निर्दयपणे मारायची. मोहावीतल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेच्या दफ्तरी हवेच्या तापमानाचा हाच उच्चांक आहे. तंबूवाल्यासाठी मात्र याहून महत्त्वाचं हे की तिथे जुलैत कित्येक रात्री पारा ३० च्या खाली उतरतच नाही. दिवसा शरीर तापतं आणि रात्रीच्या गारव्यात सावरतं. रात्रीच गारवा नसेल तर दुसऱ्या दिवशीचं चालणं धोक्याचं होतं. माझा साधा ठोकताळा: ज्या महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३० च्या वर आहे, त्या महिन्यात वाळवंटात पायी चालून मुक्काम करायचा नाही. गाडी सोबत असली तरी ३५ च्या पुढे नाही. गाडी बंद पडली की तुम्हीही पायीच असता.

दुसरी काट वाऱ्याची. तापमानाचे तक्ते पाहणाऱ्याला हीच दिसत नाही. उत्तर आफ्रिकेत मार्च ते मे खमसीन वाहतो, गरम आणि धुळीने भरलेला. गोबीत धुळीच्या वादळांचा जोर मार्च ते मेमध्येच. आखाती वाळवंटांत जून-जुलैत शमाल हा धुळीचा वारा. थरमध्ये एप्रिल ते जून लू आणि आंधी. म्हणजे वसंत ऋतू, जो तापमानाच्या तक्त्यात अगदी गोड दिसतो, तो उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच वाळवंटांत वाऱ्याचा असतो. वाऱ्याच्या महिन्यात जायचंच असेल तर साधे खुंटे विसरा, वाळूत ते टिकत नाहीत. कापडी पिशव्यांत वाळू भरायची, त्यांना तंबूच्या दोऱ्या बांधायच्या आणि पिशव्या हात-दीड हात खोल पुरायच्या. जाळीच्या तंबूतून बारीक वाळू आत गळत राहते, त्यामुळे भरीव कापडाच्या भिंतींचा तंबू न्या.

तिसरी काट पुराची. वाळवंटात पुराचा धोका असतो हे अनेकांना खरं वाटत नाही. कडक, भाजलेली जमीन पाणी पटकन पीत नाही. दूर डोंगरात पडलेला पाऊस कोरड्या पात्रातून भिंतीसारखा येतो. १२ ऑगस्ट १९९७ ला अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनच्या खालच्या घळीत ११ जण वाहून गेले. पाऊस झाला होता वरच्या बाजूला, काही किलोमीटरवर. जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळच्या घळीत २५ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या लोंढ्यात वीसच्या आसपास जीव गेले, त्यांत सहलीला आलेली शाळकरी मुलं होती. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हा धोका जास्त, तर जॉर्डन-सिनाई भागात शरद आणि हिवाळ्याच्या पहिल्या पावसांत. त्या महिन्यांवर पूर्ण काट नको, पण अरुंद घळींवर काट मारा. तंबू कोरड्या पात्रात तर कोणत्याच महिन्यात लावू नका, तिथली वाळू कितीही सपाट आणि मऊ दिसली तरी.

पायरी ३: रात्रीचा आकडा स्वतः काढा

हवामानाचे तक्ते साधारण ३० वर्षांच्या सरासरीवर बनतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरतात. ते उपयोगी आहेत, पण दोन गोष्टी ते लपवतात. एक म्हणजे सरासरी किमान तापमान ८ असेल तर साधारण निम्म्या रात्री त्याहून थंड असतात. दुसरी म्हणजे मोजमाप करणारं केंद्र गावात असतं आणि तुम्ही गावात झोपणार नसता.

उंचीचा हिशेब सोपा आहे: दर १,००० मीटर चढावर सरासरी साडेसहा अंश वजा करा. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि जुलैतली रात्र तिथे १०-११ अंशांची असते. त्सो मोरीरी तलाव ४,५०० मीटरच्या वर. म्हणजे तिथली जुलैची नेहमीची रात्र चारेक अंशांची धरायची, आणि निरभ्र, वाईट रात्र शून्याच्या खालची. ‘जुलैत जातोय, पातळ स्लीपिंग बॅग पुरेल’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेब दोन मिनिटं करावा.

मग जागेची काट-भर. थंड हवा जड असते. शांत, निरभ्र रात्री ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट जागी साचते. दरीच्या तळापेक्षा ३०-४० मीटर वरच्या सपाटीवर कित्येकदा चांगले दोन-चार अंश जास्त ऊब मिळते आणि दंवही कमी पडतं. वाळवंटातली रात्र एवढी थंड का होते, त्याचंही कारण असंच साधं आहे: हवेत बाष्प नाही, वर ढग नाही, त्यामुळे जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. दिवस-रात्रीत २० अंशांचा फरक तिथे नेहमीचा. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूजवळ जून-जुलैत दिवसा २० अंशांच्या आसपास आणि रात्री ४-५, कधी शून्याखाली.

वारा धरायला विसरू नका. शून्य अंशाला ताशी ४० किमी वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ७ सारखं लागतं. तंबूच्या आत हे कमी जाणवतं, पण चूल पेटवताना आणि सकाळी दोऱ्या सोडताना बोटं हीच थंडी सोसतात.

आकडा हातात आला की तो स्लीपिंग बॅगेच्या आकड्याशी जुळवा. बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. पाहायचा तो कम्फर्ट. एक्स्ट्रीम म्हणजे झोप लागेल असा नव्हे, जेमतेम जीव वाचेल असा आकडा. तुमच्या हिशेबातली वाईट रात्र बॅगेच्या कम्फर्ट आकड्याच्या खाली जात असेल तर दोनच मार्ग: बॅग बदला किंवा महिना बदला. खालची मॅटही तितकीच महत्त्वाची. गोठलेल्या जमिनीवर मॅटची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ४ किंवा त्याहून जास्त हवी, नाहीतर वरून कितीही पांघरा, पाठीतून ऊब निघून जाते.

पायरी ४: उजेड किती, अंधार किती

थंडीच्या वाळवंटात लोक तापमान बघतात, दिवसाची लांबी बघत नाहीत. ३० अक्षांशावर डिसेंबरअखेर उजेड सुमारे १० तास. ४५ अक्षांशावर तो पावणेनऊ तासांवर येतो आणि जूनअखेर साडेपंधरावर जातो. लहान मुलं सोबत असतील तर १३-१४ तासांची रात्र तंबूत काढणं हा मोठाच प्रश्न असतो. अशा कुटुंबांना मी डिसेंबर-जानेवारीऐवजी नोव्हेंबरची सुरुवात किंवा फेब्रुवारीचा शेवट सुचवतो.

आकाश पाहायला जाणाऱ्यांनी अमावास्येच्या पाच दिवस अलीकडे-पलीकडे जावं. जेमिनिड उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला येतो, म्हणजे उष्ण वाळवंटांच्या ऐन हंगामात. पर्सिड १२-१३ ऑगस्टला, डोंगरांच्या हंगामात. मात्र आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग पाहायचा असेल तर उत्तर गोलार्धात नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हे महिने कामाचे नाहीत. ऑक्टोबरची संध्याकाळ किंवा मार्चची पहाट धरा.

पायरी ५: पाण्याचं वजन हंगाम ठरवतं

वाळवंटात गार महिन्यांतही माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी धरायचं, पिणं आणि रांधणं मिळून. तीन दिवसांचे १२ किलो झाले. तंबू, अंथरूण, शिधा मिळून हे वजन पाठीवर अजून पेलतं. कडक उन्हात हीच गरज दुप्पट होते, म्हणजे २४ किलो नुसतं पाणी, आणि ते घेऊन चालताना आणखी घाम. म्हणजे वाळवंटात पायी मुक्काम किती दिवसांचा, हे हंगामच ठरवतो. पाणी वाटेवर आधी पुरून ठेवणार असाल तर ते दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक साठा सापडला नाही तरी परत फिरता आलं पाहिजे.

डोंगरात उलटं घडतं. हंगामाच्या सुरुवातीला पाणीच पाणी; कोरड्या उन्हाळ्याच्या रांगांत सप्टेंबरपर्यंत छोटे ओढे आटतात, चुनखडीच्या डोंगरांत तर आधीच. नकाशावरची तुटक निळी रेघ म्हणजे शरदात पाणी मिळेलच असं नाही, म्हणून मुक्काम तलावाजवळ आखा. आणि शरदातल्या थंडीसाठी एक सूचना: बारीक नळ्यांचा वॉटर फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतून फुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. रात्री तो अंथरुणात घेऊन झोपा.

काट मारून काय उरतं

हिमालयाच्या पावसाळी बाजूला उरतात ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य आणि एप्रिल-मे. पहिला काळ स्वच्छ आकाशाचा, दुसरा फुलांचा आणि दुपारच्या गडगडाटाचा. पर्जन्यछायेतल्या लडाख-स्पितीसाठी जूनअखेर ते सप्टेंबर. तिथेही ऑगस्टवर डोळे मिटून विसंबू नये. ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी होऊन शेकडो माणसं गेली. ओढ्याच्या मुखाशी आणि नाल्याच्या पंख्यासारख्या पसरट भागावर तंबू लावायचा मोह तिथे टाळाच.

आल्प्समध्ये जुलै ते सप्टेंबरचा मध्य. बऱ्याच भागांत मोकळ्यावर तंबू लावायला बंदी किंवा कडक अटी आहेत, त्यामुळे ठरलेले तळ ऑगस्टमध्ये भरून जातात आणि सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे सोन्यासारखे असतात. रॉकीज आणि सिएरात जुलैचा मध्य ते सप्टेंबर. बर्फ वितळल्यानंतरचे काही आठवडे उंच कुरणांत डासांचे थवे असतात, हे धरून चाला. जपानच्या आल्प्समध्ये जून ते जुलैच्या मध्यापर्यंत झड, नंतर ऑगस्टअखेरपासून चक्रीवादळांची शक्यता. मधली जुलैअखेर-ऑगस्टची फट दाट गर्दीची. पॅटागोनियात नोव्हेंबर ते मार्च, पण वारा तिथे उन्हाळ्यातच सर्वांत जास्त असतो. तंबूसाठी मी मार्च निवडीन.

सहारासाठी ऑक्टोबरचा मध्य ते मार्चची सुरुवात. थरसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जॉर्डनमधल्या वादी रमसाठी मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, घळींचा इशारा लक्षात ठेवून. डेथ व्हॅली नोव्हेंबर ते मार्च. नामिब मे ते सप्टेंबर. मध्य ऑस्ट्रेलिया मे ते सप्टेंबर. तिथलं सिम्प्सन वाळवंटाचं उद्यान उष्णतेमुळे दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच ठेवतात, यावरून उन्हाळा किती गंभीर ते कळावं. गोबी जूनअखेर ते सप्टेंबर. अटाकामा बहुतेक वर्षभर चालतो, मात्र जानेवारी-फेब्रुवारीत उंच पठारावर पाऊस येतो आणि रस्ते बिघडतात.

हंगामाची सुरुवात की शेवट?

उरलेल्या फटीतला कुठला टोकाचा भाग घ्यायचा, यावर माझं मत ठाम आहे. डोंगरात उत्तरार्ध घ्या. बर्फ गेलेलं, ओढे उतरलेले, डास संपलेले, हवा स्थिर. त्याच्या बदल्यात थंड रात्र मिळते, आणि थंड रात्रीवर जाड बॅग हा उपाय आहे. फुगलेल्या ओढ्यावर तसा उपाय नाही. एकच अट: पहिल्या मोठ्या बर्फवृष्टीची तयारी ठेवायची. ऑक्टोबर हा नेपाळमधला सर्वोत्तम महिना मानला जातो आणि तो तसा आहेही. तरी १४ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा भागात अचानक प्रचंड बर्फ टाकलं आणि ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला परिसरात चाळीसहून जास्त लोक गेले. चांगल्या महिन्यातही एक-दोन दिवस तंबूत थांबण्याइतका शिधा आणि मोकळ्या तारखा ठेवाव्या लागतात त्या यासाठीच.

उष्ण वाळवंटात मी पूर्वार्ध घेतो, म्हणजे उत्तर गोलार्धात नोव्हेंबर. वारा कमी असतो आणि रात्री अजून फार कडक झालेल्या नसतात. ज्यांना वाळवंटातली फुलं पाहायची आहेत त्यांना मात्र वसंतातच जावं लागेल, आणि तेही हिवाळ्यात चांगला पाऊस झालेल्या वर्षी.

डोंगर आणि वाळवंट एकाच सहलीत

दोन्हींच्या महिन्यांच्या ओळी एकाखाली एक लिहा आणि काट न लागलेले महिने जुळतात का पाहा. मोरोक्कोत जुळतात. अ‍ॅटलसमधलं तुबकाल शिखर ४,१६७ मीटरचं. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला तिथे बर्फ, तर पलीकडच्या वाळूत जुलै-ऑगस्टला ४० च्या वर ऊन. ऑक्टोबरमध्ये दोन्ही चालतं. कॅलिफोर्नियात मात्र जुळत नाही. ४,४२१ मीटरचं माउंट व्हिटनी आणि समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली असलेलं डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर एकमेकांपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहेत, पण एकाचा हंगाम उन्हाळ्याचा आणि दुसऱ्याचा हिवाळ्याचा. तिथे दोन वेगळ्या सहली करणंच शहाणपणाचं.

जुळत असेल तर क्रम ऋतूवरून ठरवा. शरदात आधी डोंगर, मग वाळवंट, कारण दिवसागणिक डोंगर बंद होत जातो आणि वाळवंट निवत जातं. वसंतात आधी वाळवंट, मग डोंगर. आणि फट आखूड आहे म्हणून उंचीची घाई करू नका: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. हा वेळ हंगामात बसत नसेल तर खालचा मुक्काम निवडा.

निघण्याआधीचे दहा दिवस

दहा दिवसांपूर्वीचा अंदाज फक्त कल पाहण्यापुरता: थंडीची लाट, चक्रीवादळ, लांबलेला पाऊस. भरवसा ठेवण्याजोगा अंदाज शेवटच्या तीन ते पाच दिवसांचा. तोपर्यंत परत न मिळणारे पैसे शक्य तितके कमी गुंतवा, कारण एकदा पैसे अडकले की माणूस ढगाकडे बघून बघितलं नाही असं करतो.

शांत डोक्याने आधीच तीन मर्यादा लिहून ठेवा आणि सोबतच्या सगळ्यांना दाखवा. रात्रीचं किमान तापमान कोणत्या आकड्याखाली गेलं तर जायचं नाही. वाऱ्याचे झोत कोणत्या वेगाच्या वर गेले तर उघड्या धारेवर किंवा वाळूच्या टेकडीवर तंबू लावायचा नाही. साध्या तीन ऋतूंच्या तंबूसाठी मी ताशी ५० किमीला थांबतो. आणि पाऊस किती दिवस पुढे सरकला तर बेत पुढे ढकलायचा.

अंदाज बघताना फक्त तळाच्या गावाचं नाव टाकू नका. डोंगरासाठी सर्वांत उंच मुक्कामाच्या उंचीचा अंदाज काढा. वाळवंटासाठी नकाशावर आपल्या घळीचं पात्र वर-वर शोधत जा, ते ज्या डोंगरातून निघतं त्या डोंगराचा अंदाज बघा, आणि तिथे गडगडाटी पावसाची शक्यता असेल तर त्या दिवसाचा मुक्काम घळीबाहेरच्या उंच, पक्क्या जमिनीवर हलवा.